विम्बल्डन लावलं की टेनिस बघायचं की स्टँडमधले पाहुणे?

बेसलाइनवाला
2025 चं विम्बल्डन संपलं, आता राग जरा निवलाय म्हणून लिहितो. 7 जुलैचा सोमवार आठवा. सेंटर कोर्टवर जोकोविच वि. डी मिनॉर, पहिला सेट जोकोविच 1-6 हरला, नंतर तिन्ही सेट 6-4 घेऊन मॅच काढली, एकदम कडक. पण स्टँडमध्ये विराट-अनुष्का होते ना, मग झालं! आपल्या चॅनेलवाल्यांना दुसरं काही दिसेचना. त्याच दिवशी नंतर दिमित्रोव सिनरविरुद्ध 6-3, 7-5 पुढे होता, तिसऱ्या सेटला 2-2, एस (समोरच्याला परतवताच आली नाही अशी सर्व्हिस) मारला आणि छाती धरून खालीच बसला. अव्वल मानांकित खेळाडू हरायच्या बेतात होता आणि समोरच्याला रडत रडत मॅच सोडावी लागली. आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी प्रोमो कोणाचा, तर कोहलीच्या ब्लेझरचा.

दुसरं, जाहिराती. साइड बदलताना खेळाडूंना 90 सेकंद मिळतात. तेवढ्यात काय त्या पान मसाल्याच्या आणि म्युच्युअल फंडाच्या बसवा ना, कोण नाही म्हणतंय? पण नाही, चित्र परत येतं तेव्हा स्कोअर 15-0 झालेला असतो. सेटच्या पहिल्या गेमनंतर तर खेळाडू बसतही नाहीत, नुसती बाजू बदलतात, हे जाहिरात लावणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही बहुतेक.

तिसरं, युकी भांबरी. डबल्समध्ये गॅलोवेबरोबर तिसऱ्या फेरीपर्यंत गेला, ग्रानोयेर्स-झेबायोससारख्या जोडीला तिसऱ्या सेटपर्यंत नेलं. आपला माणूस! टीव्हीवर मला तरी एक पॉइंट दिसला नाही. 18 च्या 18 कोर्टांवर कॅमेरे असतात आता, म्हणजे चित्र तयार आहे, फक्त दाखवायची इच्छा नाही.

तात्या_डोंबिवली
अरे पण चॅनेल म्हणजे धर्मादाय संस्था आहे का? हक्कांसाठी पैसे मोजलेत त्यांनी. कोहलीमुळे ज्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विम्बल्डन लावलं असेल त्यातले चार जण जरी टिकले तरी फायदा टेनिसचाच. 13 जुलैला फायनल चालू असताना लॉर्ड्सवर आपण 193 चा पाठलाग करत होतो आणि स्टंप्सला 4 बाद 58. सांग, तुझ्या घरात त्या वेळी रिमोट कोणाच्या हातात होता? माझ्या घरात तरी माझ्या नव्हता. डबल्स बघायचं तर मोबाइलवर बघ, टीव्हीला एकच पडदा असतो बाबा.

बेसलाइनवाला
@तात्या, चार जण टिकावेत म्हणून जे चाळीस वर्षं बघतायत त्यांना हाकलायचं का? आणि मोबाइलवर बघ म्हणणं सोपं आहे, माझे बाबा 78 वर्षांचे आहेत, त्यांना केबल कळते. दूरदर्शनच्या काळात वर्षाला दोन-चार मॅच दिसायच्या पण ज्या दिसायच्या त्या पूर्ण दिसायच्या.

स्लाइस_बॅकहँड
दूरदर्शनचं कौतुक पुरे हं. ऐन वेळेला बातम्या लावायचे ते विसरलात वाटतं.

रेडिंगची_मावशी
मी इथे इंग्लंडमध्ये बसून बघते म्हणून सांगते, तुम्हाला वाटतं इथे सगळं छान असेल. बीबीसीवर जाहिराती नाहीत हे खरं, पण त्यासाठी लायसन्स फी भरतो आम्ही, 2025 मध्ये वर्षाला 174.50 पौंड होती, फुकट नाही. आणि पाहुण्यांचं म्हणाल तर रॉयल बॉक्स इथेही सारखा दाखवतात, कोण आलंय, काय घातलंय. आपला-परका इथेही आहेच, ब्रिटनच्या राडुकानूची मॅच असली की बाकी जग थांबतं. तरी एक मान्य, फायनलला चौथ्या सेटमध्ये सिनर 4-3 पुढे असताना त्याच्या सर्व्हिसवर 15-40 झालं, म्हणजे गेम हातचा जायच्या बेतात होता, तेव्हा नुसता कोर्टाचा आवाज ऐकावासा वाटत होता. समालोचकांनी गप्प कधी बसायचं हे कळणं ही पण कला आहे. ब्रिटिश जोडी कॅश-ग्लासपूल डबल्स जिंकली, 1936 नंतर पहिल्यांदा, म्हणून डबल्सचं इथे कौतुक झालं. नाहीतर डबल्सला कोण विचारतंय?

बेसलाइनवाला
@मावशी, म्हणजे तुमच्याकडे तुमची जोडी दाखवतात! मी तेवढंच मागतोय.

स्लाइस_बॅकहँड
विषयांतर होतंय पण मला तर लाइन जजेस, म्हणजे बॉल आत की बाहेर ते ओरडून सांगणारी माणसं, गेल्याचं जास्त वाईट वाटलं. 147 वर्षांनी काढून टाकले, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली आणि पहिल्याच वर्षी काय झालं? पाव्ल्युचेन्कोवा वि. कार्टल, 4-4, पाव्ल्युचेन्कोवाचा गेम पॉइंट, कार्टलचा बॉल ढळढळीत बाहेर, आणि यंत्रणा त्या बाजूला चुकून बंद! घरी बसून आम्हाला रिप्लेत दिसत होतं, खुर्चीवरच्या अंपायरने पॉइंट परत खेळवला आणि शेवटी तो गेम कार्टलला गेला.

तात्या_डोंबिवली
आणि तरी मॅच पाव्ल्युचेन्कोवाच जिंकली. माणसं काय चुकत नव्हती का, एका चुकीसाठी सगळं मोडीत काढायचं? आणि बेसलाइनवाल्या, तुझी यादी वाचून एकच प्रश्न पडतो. कोहली दाखवला म्हणून एकही पॉइंट चुकला का तुझा? कॅमेरा प्रेक्षकांवर जातो तो दोन पॉइंटच्या मधल्या वेळात. सर्व्हिसला 25 सेकंद असतात, त्यात काय खेळाडू टॉवेलने घाम पुसतोय तेच बघायचंय का?

बेसलाइनवाला
हो, तेच बघायचंय! पॉइंट हरल्यावर तो कोचकडे बघतो की जमिनीकडे, बॉल किती वेळा आपटतो, त्यातच मॅच कळते अर्धी. पॉइंटचे रिप्ले तर नंतरही मिळतात. जाहिरातींचं मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत, तिथे चुकलेच ना पॉइंट. बरं, ऑगस्टअखेर युएस ओपन आहे. नाइट सेशन आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतं, तेव्हा क्रिकेटही नसतं. बघू तेव्हा डबल्स न दाखवायला काय कारण देतात.

तात्या_डोंबिवली
पहाटे साडेचारला जागा कोण, तू आणि दूधवाला. बघ निवांत, जाहिरातीसुद्धा नसतील.