ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी जात विचारली: स्कोलिनबद्दल कुणाला माहिती आहे का?

गोदाकाठचा

आईच्या पित्ताशयात खडे झालेत, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. काल फिटनेससाठी भूलतज्ज्ञ मॅडमकडे गेलो होतो. बीपी, शुगर, कवळी आहे का, तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, सगळं रीतसर झालं. मग फाइलवरचं आडनाव बघून त्यांनी विचारलं, "नांदेडकडचे ना? आर्य वैश्य का?" आई सहज म्हणाली, "हो, कोमटी." माझं मात्र डोकं सटकलं. पुण्यात घर भाड्याने घेताना हे प्रश्न ऐकून झालेत, आता ऑपरेशन टेबलावरही जात लागते का?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चिडू नका. घरात कुणाला भुलेतून बाहेर यायला फार वेळ लागला होता का?"

तेव्हा आईला मामा आठवला. मामाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन मी शाळेत असताना आमच्याकडच्या एका खाजगी दवाखान्यात झालं. ऑपरेशन तासाभरात आटोपलं, पण मामाचा श्वास संध्याकाळपर्यंत सुरू झाला नाही. पाळीपाळीने फुगा दाबत बसले होते सगळे. घरात ती गोष्ट "भूल जास्त झाली" एवढ्यावर संपली. मामा मात्र अजून सांगतो की मधला बराच वेळ त्याला सगळं ऐकू येत होतं, आजी रडत होती तेही, आणि त्याला पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. आम्ही आजवर ते मामाच्या तिखटमीठ लावायच्या सवयीत जमा करत आलो.

मॅडमनी हे ऐकलं आणि कागदावर लाल पेनाने लिहिलं: "नो स्कोलिन". शिवाय रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासायला सांगितलं. समजावलंही, पण बाहेर रांग होती, निम्मं डोक्यावरून गेलं. हे खरंच जातीशी जोडलेलं आहे का? आणि मी, माझी बहीण, आम्हीही तपासून घ्यायचं का?

झोपवणारा काका

पंचवीसेक वर्षं लोकांना झोपवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मामांनी तिखटमीठ लावलेलं नाही. वर्णन तंतोतंत स्कोलिन ॲप्नियाचं, म्हणजे स्कोलिननंतर श्वास बराच वेळ बंद राहण्याचं आहे.

स्कोलिन म्हणजे सक्सिनिलकोलिन. ही भूल नव्हे, स्नायू सैल करणारं औषध. मिनिटभरात सगळे स्नायू ढिले पडतात आणि श्वासनलिकेत नळी घालता येते. यकृतात तयार होणारं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते रक्तातच तोडून टाकतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत पेशंट पुन्हा स्वतःहून श्वास घेऊ लागतो. ज्याच्याकडे हे एन्झाइम जन्मतःच नाही, त्याच्यात तेच इंजेक्शन कित्येक तास टिकतं. तोवर कृत्रिम श्वास दिला तर जिवाला धोका नसतो, पण मेंदूवर या औषधाचा काहीच परिणाम नाही. झोपेचं औषध उतरलं आणि स्नायू अजून लुळेच, तर माणूस जागेपणी दगडासारखा पडून राहतो. म्हणून अशा वेळी पेशंटला झोपेतच ठेवायचं आणि व्हेंटिलेटरवर वाट बघायची. मामांच्या बाबतीत श्वास सांभाळला, झोप सांभाळायची राहिली असं दिसतं.

हा दोष जगात सगळीकडे आहे. १९५०च्या दशकात टोरांटोत वर्नर कालो यांनी स्कोलिनमुळे अडकलेल्या पेशंटांवर काम करून तो आनुवंशिक आहे हे दाखवलं. जनुकांप्रमाणे औषध वेगळं वागतं, या अभ्यासाच्या पायात हे औषध आहे. युरोपात अशी माणसं हजारो जणांमागे एखादी. वैश्य समाजात मात्र कोइमतूरमध्ये तपासण्या झाल्या तेव्हा शंभरात तीन-चार निघाले! त्यांच्या जनुकात एकच बदल सापडला: एन्झाइम ज्या अमिनो आम्लांच्या साखळीचं बनतं, तिच्या ३०७व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन. एवढ्याने एन्झाइम जवळजवळ शून्यावर येतं.

एवढं प्रमाण का? गोत्रं १०२ असली तरी लग्नं समाजातच. मूळ घराणी मोजकी असतील आणि शे-दीडशे पिढ्या बाहेर सोयरीक नसेल, तर एखाद्या पूर्वजातला बदल वाढत वाढत सगळीकडे पोचतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या जनुकीय अभ्यासांत वैश्यांचं उदाहरण याच कारणाने वारंवार येतं. वर मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल.

आता तुमचं गणित. दोष दिसायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. मामांना तो असेल तर त्यांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे तुमच्या आईला, असण्याची शक्यता चारात एक. आईला निघाला तर तुम्ही दोघं भावंडं निदान वाहक (एक प्रत बिघडलेली, एक चांगली) नक्की. वडीलही वाहक असतील तर तुमच्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी.

तेव्हा तपासा. आणि मामांना आधी तपासा.

विदर्भाचा ऊन

काका, माहिती उत्तम, पण मला जात विचारणं पटलं नाही. सगळ्यांचीच टेस्ट करा ना सरसकट.

झोपवणारा काका

ठरवून केलेल्या ऑपरेशनला करता येईल. पण स्कोलिन आम्ही काढतो ते मुख्यतः घाईच्या वेळी: पोट भरलेला ॲक्सिडेंटचा पेशंट, रात्री दोनचं सिझेरियन. तेव्हा रिपोर्टची वाट कोण बघणार? हातात असतो तो एक प्रश्न. तो मी जोशी, शेख, कांबळे सगळ्यांना विचारतो: घरात कुणाला भुलेचा त्रास? कोमटी म्हटलं की फक्त कान जास्त टवकारतात. ज्याने नुसतं आडनाव बघितलं आणि हा प्रश्न विचारला नाही, त्याने अर्धंच काम केलं.

रक्ततपासनीस

टेस्टसाठी पुण्या-मुंबईची वाट धरायची गरज नाही. फवारणीतल्या विषबाधेसाठी हीच टेस्ट आम्ही लावतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच एन्झाइम बंद पाडतात, म्हणून कापसाच्या पट्ट्यातल्या लॅबला ती चांगली ठाऊक आहे. फॉर्मवर कारण मात्र लिहून आणा. नाहीतर आकडा बघून आम्ही पहिला फोन "काय प्यायलं?" असा करतो, आणि घरात भलताच गोंधळ उडतो. गरोदरपणात आणि यकृताच्या आजारातही आकडा उतरतो, तेही सांगा.

एक जास्तीचं: काही ठिकाणी डिब्युकेन नंबर (असलेलं एन्झाइम सदोष आहे का ते सांगणारी टेस्ट) काढायला सांगतात. एन्झाइमच नसेल तर त्या नंबराला अर्थ राहत नाही. साधी पातळी पुरते.

धर्माबादची सून

माझ्या नणंदेचं सिझेरियनच्या वेळी असंच झालं. बाळ रडलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि ही दुपारपर्यंत मशीनवर. नंतर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, ती सासूबाईंनी देवघरात ठेवली! नात्यात कुणालाही कळवलं नाही, कारण धाकट्या नणंदेचं लग्न ठरत होतं आणि "मुलीत दोष आहे" अशी बोलवा झाली असती. आता धाकटीलाच दिवस गेलेत. हा धागा वाचून आजच तिला फोन केला. वासवी जयंतीला आमच्याकडे रक्तदान शिबिर असतं, तिथेच ही तपासणी ठेवा असं मंडळाला सांगून बघणार आहे.

गोदाकाठचा

सगळ्यांचे आभार. आईचा रिपोर्ट आला, पातळी नगण्य आहे. मॅडम म्हणाल्या काळजी नको, दुसरं औषध वापरू. मामाचंही रक्त उद्या जाईल. काका, दाताच्या डॉक्टरकडे काय सांगायचं? आईची एक दाढ काढायची आहे. आणि चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घेऊ?

झोपवणारा काका

दाढेसाठी जागा बधिर करायला बहुतेक लिग्नोकेन देतात. ते या एन्झाइमवर अवलंबून नाही, खुशाल काढा. ऑपरेशनला स्नायू सैल करायला ॲट्राक्युरियम चालतं, ते शरीराच्या उष्णतेने आणि रक्ताच्या सामूने आपलं आपण मोडतं. रोक्युरोनियमही चालतं. मायव्हॅक्युरियम हे स्नायू सैल करणारं औषध मात्र याच एन्झाइमने तुटतं, म्हणून चिठ्ठीवर लिहून घ्या: "ब्युटिरिलकोलिनेस्टरेजची आनुवंशिक कमतरता. सक्सिनिलकोलिन आणि मायव्हॅक्युरियम देऊ नये." खाली रिपोर्टचा आकडा आणि तारीख. लॅमिनेट करून आईच्या पाकिटात, आधारकार्डाच्या मागे. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, पण तेवढ्यावर विसंबू नका, कॅज्युअल्टीत पेशंटचा मोबाइल कुणी उघडत नाही.