गाठ, ग्रंथी, अर्बुद, आवाळू : 'ट्यूमर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. विषय आहे अंतःस्रावी ग्रंथी (संप्रेरकं म्हणजे हॉर्मोन्स थेट रक्तात सोडणारे अवयव), हाडं आणि मृदू ऊती (ऊती म्हणजे एकाच कामाच्या पेशींचा समूह) यांचे ट्यूमर. 'गाठ' फार ढोबळ वाटतं आणि 'अर्बुद' म्हटलं की वाचणारा पहिल्याच ओळीत अडखळणार. काय करावं?

प्रतिसाद : गाठच लिहा. दवाखान्यात कोणी 'मला अर्बुद झालंय' म्हणत नाही. उलट बोलीभाषा इथे बरीच काटेकोर आहे. पिकतं ते गळू किंवा बेंड. पायाला जखम झाल्यावर जांघेत येतं ते अवधाण. मानेवर नाहीतर पाठीवर वर्षानुवर्षं न दुखता वाढतं ते आवाळू, म्हणजे बहुधा चरबीची गाठ.

प्रतिसाद : 'अर्बुद' काही कोशकारांनी बसून घडवलेला शब्द नाही. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या, म्हणजे रोगनिदानाच्या विभागातल्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड हे गाठी-सुजेचे रोग एकत्र येतात. अर्बुदाचं वर्णन असं : गोल, स्थिर, थोडं दुखणारं, मोठं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. म्हणजे गळवापासून ते वेगळं काढण्याची खूणही तिथेच दिली आहे. (अवांतर : आर्यभटाच्या यादीत कोटीच्या पुढची संख्या म्हणजे अर्बुद, दहा कोटी. अबूच्या पहाडाचं जुनं नावही हेच.)

प्रतिसाद : खरी अडचण 'ग्रंथी'ची आहे. सुश्रुताच्या त्या यादीत ग्रंथी हा रोग आहे, आणि आज तोच शब्द आपण निरोगी अवयवासाठी वापरतो. त्यातून 'थायरॉइडच्या गाठी' म्हटलं की काहींना मुळातली ग्रंथीच वाटते, काहींना तिच्यात आलेली गाठ. म्हणून अवयवाला ग्रंथी आणि वाढीला गाठ, हा भेद पत्रकभर पाळा. 'थायरॉइड ग्रंथीत आलेली गाठ' लांबलचक आहे खरं, पण गोंधळ होत नाही.

शिवाय 'बिनाइन'साठीचा 'सौम्य' हा शब्द जपून वापरा. सौम्य म्हणजे न पसरणारी एवढंच; निरुपद्रवी असं नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतली वाटाण्याएवढी गाठ कधीच कुठे पसरणार नाही, पण ती वाढीचं संप्रेरक जास्त बनवू लागली की प्रौढ माणसाची अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचं माप वाढतं, जबडा पुढे येतो. स्वादुपिंडातली इन्सुलिन स्रवणारी गाठ बहुधा सौम्यच असते, तरी साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. मी सरळ 'न पसरणारी' आणि 'पसरणारी' असं लिहीन. 'साधी गाठ' तर अजिबात नको. साधी आहे म्हणून लोक पुढच्या तपासणीला जातच नाहीत.

प्रतिसाद : हाडांचं काय? 'हाडाचा कॅन्सर' म्हणतात त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते. हाडातच सुरू होणारा ऑस्टिओसार्कोमा बराचसा पौगंडावस्थेत, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास दिसतो. मोठ्या माणसांत मात्र स्तन, प्रोस्टेट वगैरे ठिकाणचा कर्करोग हाडात उतरलेला असणं जास्त नेहमीचं. दुसऱ्यासाठी 'हाडात पसरलेला कर्करोग' लिहा, कारण उपचार मूळ जागेवरून ठरतात.

प्रश्नकर्ती : सार्कोमाला, म्हणजे हाडं आणि मृदू ऊतींत सुरू होणाऱ्या कर्करोगाला, 'मांसार्बुद' चालेल का? ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांसच ना?

प्रतिसाद : व्युत्पत्ती बरोबर, पण वाचणाऱ्याला तो फक्त स्नायूंचा रोग वाटेल. सार्कोमा चरबीत होतो, रक्तवाहिन्यांत होतो, हाडातही होतो. 'सार्कोमा' तसाच ठेवा, रिपोर्टावरही तोच शब्द असणार. 'मृदू ऊती' मात्र एकदा फोडून सांगा : स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, स्नायुबंध. ऊती म्हणजे काय हे दहावीनंतर कोणाच्या लक्षात राहतं!