कुत्र्याच्या हृदयाचे ध्वनी मोजून झडपेचा आजार किती वाढला हे ठरवता येते का?

प्रश्न:
आमची डॅशहंड कुत्री दहा वर्षांची आहे. लसीकरणाला नेले असता डॉक्टरांना तिच्या छातीच्या डाव्या बाजूला सहापैकी तिसऱ्या श्रेणीची मर्मर (ठोक्यांच्या मध्ये येणारा सरसर असा जादा आवाज) ऐकू आली. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) गळत असावी, असे सांगून त्यांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) सुचवला. त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागेल आणि प्रवासात ती फार घाबरते. माझ्या भावाकडे डिजिटल स्टेथोस्कोप असून त्यातले ध्वनी मोबाइलवर आलेखाच्या रूपात दिसतात. दर महिन्याला असे ध्वनिमुद्रण करून मर्मर वाढते आहे का हे पाहत राहिलो, तर इको टाळता येईल का?

उत्तर १:
मी पशुवैद्यक आहे. या ध्वनींतून बरेच काही कळते, मात्र आपल्याला जे ठरवायचे आहे नेमके तेच कळत नाही. या आजारात झडपेच्या पाकळ्या जाड आणि गाठाळ होतात, नीट मिटत नाहीत आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर काही रक्त डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) परत जाते. त्याचाच आवाज मर्मर म्हणून ऐकू येतो. आलेखावरून मर्मरीची ऊर्जा, कालावधी आणि कंप्रता मोजता येते, आणि आजार बळावतो तसा हृदयाचा पहिला ध्वनी ठळक व दुसरा क्षीण होत गेलेलाही दिसतो. मंद मर्मर बहुधा सौम्य गळतीचीच खूण असते. खरी अडचण मधल्या टप्प्यावर येते, कारण हृदय मोठे झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही कुत्र्यांत तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची मर्मर आढळते. औषधाचा निर्णय मात्र हृदयाच्या आकारावर असतो. डावे अलिंद महाधमनीच्या १.६ पट किंवा त्याहून मोठे झाले आणि डावे निलयही (खालचा कप्पा) वाढले, तर लक्षणे नसतानाही पिमोबेंडन हे हृदयाचे औषध सुरू करतात. अशाच कुत्र्यांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक चाचणीत या औषधाने हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिने लांबवली. एवढा काळ हाती लागण्याची शक्यता असताना केवळ प्रवासाच्या भीतीने इको राहून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २:
आमच्या पॉमेरेनियनलाही हाच आजार आहे, म्हणून ध्वनिमुद्रणाबद्दल लिहितो. केस स्टेथोस्कोपवर घासले की जो खरखराट उमटतो तो थेट मर्मरीसारखा भासतो, म्हणून आम्ही डाव्या कोपराच्या मागचे केस पाण्याने ओले करून चपटे बसवतो. ती धापा टाकत असेल किंवा नुकतीच खेळून आली असेल, तर ती नोंद आम्ही धरत नाही, कारण उत्तेजित अवस्थेत मर्मर एरवीपेक्षा मोठी ऐकू येते. याहून उपयोगी पडले ते गाढ झोपेतले श्वास मोजणे. मिनिटाला ३० पेक्षा अधिक श्वास वारंवार भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. काल इको करून आणला. अलिंदाचे प्रमाण १.३ आले असून निलय वाढलेले नाही, त्यामुळे सध्या औषध नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. भावाने केलेले ध्वनिमुद्रण डॉक्टरांनी लक्षपूर्वक ऐकले आणि पुढच्या वेळी तुलनेसाठी जपून ठेवण्यास सांगितले. काल रात्री झोपेत तिचे श्वास २२ भरले.