पहिला भाडेकरू, पहिलं ॲग्रीमेंट : घरमालक होतानाचे अनुभव लिहा

अंगणवेल
काल संध्याकाळी आमच्या धायरीच्या फ्लॅटमधल्या पहिल्या भाडेकरूंचा फोन आला. लेक बारावी झाली, पेढे घेऊन येतोय म्हणाले. ती पोर आमच्याच हॉलमध्ये रांगायला शिकली. फोन ठेवला आणि घर पहिल्यांदा भाड्यानं दिलं ते सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

२००८ सालची गोष्ट. कर्जाचा हप्ता चालू झालेला, सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही पेठेतच राहिलो, फ्लॅट रिकामा. एजंट म्हणाला, "वहिनी, अकरा महिन्यांचं तर आहे, स्टँप पेपरवर नोटरी करून टाकू, रजिस्ट्रेशन कशाला?" आमचे मामंजी कोर्टात नोकरीला होते. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग अकरा महिन्यांचा असो नाहीतर तीन वर्षांचा. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, वर मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

तेव्हा घरबसल्या अंगठा देण्याची सोय नव्हती. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात साक्षीदार घेऊन रांगेत बसलो. मामंजींनी अजून एक करायला लावलं. एका वहीत घरातल्या वस्तूंची यादी. पंखे चार, ट्यूब पाच, गिझर एक (चालू), ट्रॉलीच्या चाव्या दोन, पडद्याचे रॉड, बाथरूमच्या आरशाचा कोपरा टवका उडालेला, लाइटच्या मीटरचं रीडिंग. खाली दोघांच्या सह्या. ते लोक घर सोडून गेले तेव्हा वही उघडली, ओळीवर बोट ठेवत खोल्या फिरलो, चहा होईपर्यंत डिपॉझिटचा हिशोब मिटला. आजही तीच वही वापरते.

नवीन माणूस एजंट आणि शेजारी सांगतील त्यावरच चालतो. तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. तुमचे अनुभव लिहा. भाडेकरू म्हणून असलेलेही चालतील.

मुक्ताई
छान धागा. वाचतेय. पेढे कुठले होते ते पण लिही :)

ठाणेकर
यादीची कल्पना फार आवडली ताई. मी व्हिडिओ काढतो, चावी देताना भाडेकरूसमोरच.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांसाठी आकडे देतो, कारण मला घेताना कुणी असे मांडून दाखवले नव्हते. समजा फ्लॅट ६० लाखांचा, भाडं १६ हजार. वर्षाचे १ लाख ९२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार, म्हणजे ३० हजार. मालमत्ता कर १२ हजार धरा. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहतंच, ते १६ हजार. हातात १ लाख ३४ हजार, म्हणजे सव्वादोन टक्के. एजंट मात्र "भाड्यात हप्ता निघतो" म्हणून विकतो. एवढ्या भाड्यात ६० लाखांच्या घराचा हप्ता निघत नाही. किंमत वाढेल या भरवशावर घ्यायचं असेल तर तसं डोळे उघडे ठेवून घ्या, भाड्यासाठी म्हणून नको. मी दुसरा फ्लॅट घेतला नाही, समाधानी आहे.

इन्कम टॅक्सला मात्र दिलासा आहे. मालमत्ता कर वजा करून जे उरतं त्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत.

रानजाई
+१ व्हिडिओला

गिरगावकर
तुम्ही सगळे भाग्यवान. आम्ही जन्मजात मालक, चाळीचे. पणजोबांनी बांधली. एका खोलीचं भाडं ८५ रुपये आहे, आजही. कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे ३ रुपये ४० पैसे. जिन्याचा एक कठडा बदलायला त्या मजल्याचं कित्येक वर्षांचं भाडं जातं. १९४७ च्या कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली, त्याला तेव्हा कारण होतं. लढाईचा काळ, फाळणी, माणसं उघड्यावर येत होती. पण तात्पुरतं म्हणून आलेलं पिढ्यान्‌पिढ्या राहिलं.

तरी एक लिहितो. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला आणि तेराव्याच्या पंगती वाढायला त्याच खोल्यांमधली माणसं होती. मला त्यांच्यापैकी कुणाला बाहेर काढायचं नाहीये. इमारत धड उभी राहावी एवढंच पाहिजे, आणि पुनर्विकासाला निम्म्याहून जास्त लोक तयार करता करता माझे केस पांढरे झाले.

मुक्ताई
गिरगावकर काका, कुठली गल्ली? माझं आजोळ तिकडचं. आमच्या आजीच्या चाळीत गणपतीला भावगीतांचा कार्यक्रम व्हायचा

गिरगावकर
गल्ली इथे नको, वि.पू. (विचारपूस, वेगळा निरोप) करतो. भावगीतं सगळीकडेच असत हो तेव्हा.

कॉटबेसिस
भाडेकरू बाजूनं. कर्वेनगरला तीन मुली एका खोलीत राहायचो. काकू खाली राहायच्या. पाण्याचा नळ दहाला बंद, पाहुणे नाहीत, इस्त्री नाही. पण आजारी पडले तेव्हा मऊभात आणि मेतकूट वर आणून दिलं त्यांनी, आणि आईला फोन केला.

आता मी नोकरी करणाऱ्या दोन मुलींना फ्लॅट दिलाय. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले बॅचलर चालणार नाही, आमची परवानगी हवी. मी उपविधींची (सोसायटीच्या नियमांची) प्रत मागितली, छापील, आणि शांतपणे वाचून दाखवली. आदर्श उपविधींप्रमाणे भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. मग बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते) म्हणून मेंटेनन्सच्या निम्मी रक्कम बिलात लावली. त्यालाही २००१ चा शासन निर्णय आहे, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर लावता येत नाही. बिल दुरुस्त होऊन आलं. भांडण नाही केलं. दिवाळीत सेक्रेटरींच्या घरी फराळाला गेले, त्या मुलींनाही घेऊन गेले.

अंगणवेल
कॉटबेसिस, किती छान केलंस ग! त्या मुलींना घेऊन गेलीस ते सगळ्यात आवडलं. मुक्ता, पेढे साताऱ्याचे कंदी.

रानजाई
लाइट बिलाचं सांगा कुणीतरी. आमच्या भाडेकरूनं चार महिने भरलं नव्हतं, मीटर काढून नेलं तेव्हा कळलं. मीटर आमच्या नावावर ना, थकबाकी आम्हीच भरली. माणूस तोवर निघून गेलेला

ठाणेकर
ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या ॲपवर बिल दिसतं. दर महिन्याला भाडं आलं की तिथेच बघायची सवय ठेवा. पाइप गॅसचंही तसंच. आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं विसरू नका, ऑनलाइन होतं, पोचपावतीची प्रिंट करारासोबत ठेवा. आयुक्तांचा आदेश असतो, न दिल्यास गुन्हा मालकावर.

सांजवारा_न्यूजर्सी
इथे स्वयंपाक करता करता लिहितोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

दोन्हीकडे मालक आहे. ठाण्याला आईवडिलांचा फ्लॅट आणि इथे डुप्लेक्सचा खालचा मजला. इथे डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ते बँकेत वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायचं, आणि भाडेकरू गेल्यावर ३० दिवसांत व्याजासकट परत. काही कापलं तर कशाचं किती ते लेखी. पहिल्यांदा जाच वाटला होता, आता वाटतं आपल्याकडेही असंच हवं. पुण्याला शिकत असताना माझं पूर्ण डिपॉझिट "रंगकाम" म्हणून गेलं होतं, आणि नंतरच्या मुलांना भिंती त्याच मिळाल्या. ठाण्याच्या घरात मी रंगाचे पैसे कापत नाही. माणूस राहिला की भिंत मळणारच.

परदेशात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूनं टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारला भरायचा कर) कापायचा असतो, उपकर धरून ३१.२ टक्के. निवासी मालकाला महिना ५० हजारांवरच लागतो आणि तोही ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. बिचाऱ्या भाडेकरूला हे कुणी सांगत नाही आणि नोटीस त्याला येते. घर देण्याआधीच सांगा. आमच्याकडे दोघं जण हे ऐकून परत गेले, तिसऱ्यानं सीएला विचारून व्यवस्थित केलं, अजून तोच आहे.

चिंचपेटी
रंगकामाबद्दल अगदी सहमत!! आम्ही एका घरात सहा वर्षं राहिलो तरी कापले होते

मोरपंखी
मला वेगळं वाटतं. भिंतीवर मुलांनी तेलखडूनं गिरवलेलं, खिळे ठोकलेले, किचनमध्ये तेलाचा थर, हे कोण करणार मग? करारात आधीच लिहावं, इतकं झालं तर इतके. बाकी साधा मळ मालकाचा.

रंगावरून आठवलं, कोथरूडमध्ये चांगला रंगारी आहे का कुणाच्या माहितीत? दिवाळीआधी करायचंय.

चिंचपेटी
मोरपंखी, आमचा आहे, नंबर वि.पू.त टाकते. वेळेवर येतो, पण जेवायला घरी जातो आणि चारला परत येतो

कोल्हापुरी_मिरची
आमच्याकडं मागं दोन खोल्या आहेत, भाड्यानं देतो. २०२० च्या टाळेबंदीत तिथं मेसमध्ये काम करणारं जोडपं होतं. मेसच बंद. एप्रिलमध्ये सरकारनं सांगितलं भाडं किमान तीन महिने पुढं ढकला. वडील म्हणाले, पुढं ढकलून ते देणार कुठनं, माफच करून टाकू. मला त्या वेळी पटलं नव्हतं, माझाही पगार निम्म्यावर आलेला. ती वहिनी रोज सकाळी आमच्या दारात सडा-रांगोळी करायची, आम्ही नको म्हटलं तरी. मेस सुरू झाल्यावर थोडं थोडं करून सगळं भाडं आणून दिलं त्यांनी. वडलांनी निम्मं परत केलं, पोराच्या शाळेला म्हणून.

मुक्ताई
डोळ्यात पाणी आलं रे मिरची

वाळकेश्वरी_नाही
सगळेच एवढे भाग्यवान नसतात म्हणून लिहितो. आमचा भाडेकरू मुदत संपली तरी हलेना. "बघतो, शोधतोय." करार नोंदवलेला होता म्हणून वाचलो. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. मुदतीनंतर जितके दिवस राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. वकिलांनी नोटिशीत दुप्पटीचा आकडा लिहिला आणि त्यानं त्याच महिन्यात खोली सोडली. नोटरीवाल्या मित्राचं प्रकरण अजून चालूच आहे, त्याची आई त्या खटल्यापायी खचलीये. अंगणवेल ताईंच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

अंगणवेल
मामंजी आता नाहीत हो. पण तुमचा निरोप वाचून फार बरं वाटलं.

रानजाई
आणि पुणे मनपाची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहत असाल तरच आहे. भाड्यानं दिलं की ती धरू नका, ठाणेकरांच्या हिशोबात कर वाढवा.

ठाणेकर
बरोबर. म्हणजे पुण्यात टक्केवारी अजून खाली.

नवखी_मालकीण
सगळं वाचून काढलं, ऑफिसच्या बसमध्ये. पुढच्या आठवड्यात माझा पहिलाच भाडेकरू येतोय. चोवीस महिने, भाडं १८ हजार, डिपॉझिट १ लाख. ऑनलाइन करायचंय. एकूण खर्च किती येईल? आणि तो भरायचा कुणी?

ठाणेकर
२४ महिन्यांचं भाडं ४ लाख ३२ हजार. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, दोन वर्षांचे २० हजार. बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ११३० रुपये. शहरात नोंदणी फी १०००. वर दस्त हाताळणी आणि घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्याचे. आम्ही निम्मं निम्मं भरतो.

कोल्हापुरी_मिरची
आमच्याकडं भाडेकरू भरतो

कॉटबेसिस
मी पूर्ण मीच भरते, कागद माझ्या संरक्षणाचा आहे म्हणून. नवखी, मशीनवर बोटं उमटत नसतील तर हात धुवून, पुसून, परत दे. आईची उमटतच नव्हती, शेवटी मधल्या बोटावर काम झालं.

नवखी_मालकीण
खूप आभार सगळ्यांचे. वही आणलीये. मोरपंखी, रंगाऱ्याचा नंबर मलाही दे ना