मुंबईच्या पारशी वसाहतींमधील मेंदूविकारांची पाहणी

प्रश्न: १९८० च्या दशकातील या पाहणीत १४,०१० रहिवाशांमध्ये पार्किन्सनचे (कंपवाताचे) प्रमाण लाखामागे सुमारे ३२८ आढळले. ते इतके जास्त का असावे?

प्रतिसाद १: आधी वयोरचना पाहावी. पारशी समाजात वृद्धांचा वाटा मोठा असून हा विकार प्रामुख्याने उतारवयात जडतो. त्यामुळे वयाचा हिशेब न करता हा आकडा इतरांशी ताडून पाहणे योग्य नव्हे.

प्रतिसाद २: शिवाय घरोघरी प्रश्नावली भरून घेतल्यावर संशयितांना मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासले. ‘वयोमानाने हात थरथरतो’ असे म्हणत चहाची बशी दोन्ही हातांनी धरणारे आजोबा रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाहीत, ते अशा पाहणीत मोजले जातात.

प्रश्नकर्ती: आणि फेफरे?

प्रतिसाद २: तिथे उलट अडचण येते. घरात लग्नाची मुलगी असल्यास आकडी येते हे सहसा सांगितले जात नाही.