नदीकाठचा स्वस्त प्लॉट : निळी रेषा, लाल रेषा ही काय भानगड?

हळदकाठ: सांगलीत नदीच्या अंगाला एनए (बिगरशेती) प्लॉट बघितलाय. दर गावातल्यापेक्षा बराच कमी. एजंट म्हणतो, २०१९ च्या पुरात इथं पाणी नव्हतं. पण शेजारच्या घराची भिंत छातीपर्यंतच नव्यानं रंगवलीय, मीटरची पेटी पार माळ्याजवळ नेलीय. घ्यावा का?

जुना_कालवेवाला: अहो, मीटरच्या पेटीनंच उत्तर दिलंय की! निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नदीकडं घर बांधता येत नाही. शेती, बाग, मैदान चालतं. दोन्हींच्या मधे अटी घालून परवानगी. आणि १०० वर्षांतून एकदा म्हणजे एक पूर आला की पुढं ९९ वर्षं निवांत, असं नव्हे. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच अर्थ. सांगलीत कृष्णेचं पाणी मोजतात त्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. एनएच्या कागदावर भुलू नका, जलसंपदाच्या पूररेषा नकाशावर गट नंबर शोधा.

वारणेचा_वाघ: सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं. रेषा काय करणार?

जुना_कालवेवाला: त्या पुराच्या अभ्यासाला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टीला दोष दिलेला नाही. पटो न पटो, ओढ्यात भराव टाकून बांधलेलं घर कर्नाटकानं नाही बांधलं.

हळदकाठ: उद्या नकाशा बघतो. इसार दिलेला नाही, बरं झालं.