मोटरचं किट आणि अर्धी खरवडलेली तार

सायन्स किट दोन दिवसांत कपाटात जातं अशी बऱ्याच पालकांची तक्रार असते, आणि ते खरंय, पण माझ्या मते त्यात मुलांपेक्षा सोबतच्या माहितीपत्रकाचा दोष जास्त असतो. आमच्याकडे मोटर बनवायचं किट आणलं होतं, सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस. लेकीने सगळं चित्रात दाखवल्यासारखं जोडलं तरी वेटोळं फिरेचना, नुसतं डुगडुगत होतं. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की या तारेवर वार्निशसारखा थर असतो, तो एका टोकाला पूर्ण खरवडायचा पण दुसऱ्या टोकाला फक्त अर्ध्याच बाजूने! आम्ही दोन्हीकडे साफ केला होता, त्यामुळे दर अर्ध्या फेरीला चुंबक त्याला उलटं ढकलत होतं. अर्धा ठेवला की तेवढा वेळ करंट बंद राहतो आणि वेटोळं आपल्या वेगानेच पुढे जातं. नवीन तार घेऊन केलं आणि असं भिंगरीसारखं फिरलं की काय सांगू. माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नव्हतं, पण खरं सांगायचं तर बिघडलं म्हणूनच तिला कळलं, पहिल्या फटक्यात फिरलं असतं तर टाळ्या वाजवून मोकळी झाली असती.

स्फटिक वाढवायचं किट मात्र घाईच्या मुलांना देऊ नका, रोज हलवून बघतात आणि मग नुसता चुरा होतो.

आणि हो, घरात लहान भावंड असेल तर छोटी ताकदवान चुंबकं आणि बटण सेल असलेलं किट आणूच नका. दोन चुंबकं गिळली तर आतड्यात एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशनची वेळ येऊ शकते.